हवालदार कदमांचे बारामतीतले नऊ आठवडे

सन छत्तीसच्या थंडीत आमची रिक्रूटिंग पार्टी पुण्याहून बारामतीला आली. पार्टी म्हणजे दोन माणसं. हवालदार भागोजी कदम आणि मी, लान्स नाईक शिवराम. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फिरायचं, पलटणीला शोभतील असे तरुण निवडायचे आणि पुण्याला कॅप्टनसाहेबांपुढे उभे करायचे, एवढं काम. मुक्काम बारामतीच्या धर्मशाळेत.

हवालदार कदम कोण, ते आधी सांगतो. आम्ही दोघं कोकणातले. ते खेडकडचे, मी चिपळूणच्या पलीकडचा. मी चौथीत असताना वडील वारले आणि शाळा सुटली. भरती झालो तेव्हा डावा पाय कुठला नि उजवा कुठला, हे मला मैदानावर दर वेळी आठवावं लागे. ते कदम हवालदारांनी माझ्याकडून घोटून घेतलं. संध्याकाळी रोल कॉल झाला की जमिनीवर काडीनं अक्षरं काढून पलटणीत लागणारी रोमन उर्दूही त्यांनीच शिकवली. दंडावरची एक फीत मला मिळाली ती त्या काडीमुळे. परेडवर मी त्यांना 'हवालदार' म्हणे, परेडबाहेर 'दादा'. घरापासून लांब राहणाऱ्याला आपलं म्हणायला एक तरी माणूस लागतं. माझ्याकडे ते एकच होते.

अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव एकदाही सिक रिपोर्टवर गेलेलं नव्हतं. हे ते भेटेल त्याला सांगत. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगत नसत. दोन वर्षांपासून त्यांना अंतर्गळ होता. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ वर यायची. ती बोटांनी आत ढकलून ते वरून लंगोट करकचून बांधायचे. एका खोलीत राहत असल्यामुळे मला ते ठाऊक होतं.

"दादा, एकदा मिलिटरी डॉक्टरला दाखवा," मी म्हणायचो.

"लंगोट आहे ना? मग डॉक्टर कशाला? तुझा जन्म असाच काळजी करण्यात जायचा, शिवा."

आमचा रोजचा क्रम ठरलेला होता. पहाटे पाचला उठणं, दाढी, पट्ट्याचं पितळ घासणं. तपासायला कुणी नव्हतं तरी पितळ घासलं जाई. सातला निघायचं. बारामतीच्या बाजूला कालव्याचं पाणी होतं. वडगाव निंबाळकर, काटेवाडी, जिकडे जावं तिकडे ऊस, भाजीपाला, गुऱ्हाळं. लोक गूळ हातावर ठेवत, पाणी देत, पण मुलगा देत नसत. ज्याच्या रानात पाणी, त्याला पलटण कशाला हवी? म्हणून तिसऱ्या आठवड्यात आम्ही इंदापूरच्या बाजूला, लोणी देवकरला गेलो आणि रात्री तिथंच राहिलो.

सकाळी तिथं तालमीपुढे लोक जमले होते. तालमीपुढे एक गोल दगड पडलेला. जोर करणाऱ्यांनी उचलायचा असतो, त्याला गोटी म्हणतात. हवालदारांनी नेहमीचं भाषण केलं. एक म्हातारा तंबाखू मळत ऐकत होता. तो म्हणाला,

"पलटणीत काय, बसून खायाचं आन् पाय आपटायचं. आमच्या पोरांनी तितं येऊन काय शिकावं? ही गोटी तरी उचलाल का तुमी?"

"उचलली तर?"

"तर माजा नातू घिऊन जावा."

"नातवाला बोलवा," हवालदार म्हणाले आणि त्यांनी पट्टा काढून माझ्या हातात दिला.

मी मान हलवून नको म्हणत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गोटी गुडघ्यावर आली, छातीवर आली, खांद्यावर गेली. तिथं ती त्यांनी धरून ठेवली आणि मला हुकूम दिला, "नाईक, वेळ सांग." मी घड्याळ पाहून सांगितलं, आठ वाजून दहा मिनिटं. मग त्यांनी ती पाठीमागे टाकली. जमीन हादरली. म्हाताऱ्यानं तंबाखू तशीच फेकून दिली. पाच मिनिटांत चार तरुण रांगेत उभे होते, त्यात त्याचा नातूही होता.

अकरा वाजता शेवटच्याची छाती मोजताना हवालदारांच्या हातातली फीत खाली पडली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तालमीच्या आत जाऊन त्यांनी लंगोट सोडला. गाठ मुठीएवढी झाली होती आणि दगडासारखी कडक. आत जात नव्हती. बारा वाजता त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या.

"चार वाजेपर्यंत बघू," ते म्हणाले.

पाच वर्षांत मी त्यांचा शब्द पहिल्यांदा मोडला. रस्त्यावर जाऊन धान्याची एक लॉरी हात करून थांबवली. चौघा नव्या तरुणांनी त्यांना बाजेसकट उचलून पोत्यांवर ठेवलं. बारामती तिथून पंचवीसेक मैल. पावणेचारला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

डॉक्टर अंगानं बारीक, बोलायला तुटक. त्यांनी गाठीवर हात ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

"कधीपासून?"

"सकाळपासून," हवालदार म्हणाले.

"दोन वर्षांपासून," मी म्हणालो.

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आतडं अडकलंय. त्याचं रक्त बंद झालंय. आत्ता पोट उघडलं नाही तर उद्या दुपार दिसणार नाही. नातेवाईक कोण?"

"बायको, नातेवाईक सगळे कोकणात. मी आहे."

"तू कोण?"

मी काही सांगणार तोच हवालदारांनी पडल्या पडल्या हात पुढे केला. "कागद इकडे द्या. सही मी करतो." त्यांनी आधी नंबर लिहिला, मग रँक, मग नाव. अक्षर हललं नाही.

पाच वाजता त्यांना आत नेलं. मी कॅप्टनसाहेबांना तार करून आलो आणि पायरीवर बसलो. क्लोरोफॉर्मचा वास दारातून येत होता. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज ऐकू आला. "लेफ्ट, राइट, लेफ्ट. डोकं वर." आवाज हळू होत गेला आणि बंद पडला. सव्वादोन तास मी तो पुन्हा येण्याची वाट पाहत होतो. देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून दोन टोकं शिवली होती. ते म्हणाले, "आठ दिवस काढले तर जगेल. मी सांगेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. आणि उठायचं नाही. मान वर करायची तीही दुसऱ्यानं."

शेजारच्या खाटेवर वडगाव निंबाळकरचे एक आबा होते. साठीचे. गुऱ्हाळावर घसरून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला फळ्या बांधलेल्या. पायाखेरीज त्यांचं सगळं अंग हलत असे आणि जीभ सगळ्यांत जास्त.

"काय वो नाईक, हवालदारांना गोळी कुठं लागली?"

"गोळी नाही आबा. दगड उचलला."

"आन् सरकार पगार कशाचा देतं? दगडाचा?"

पोट दुखत असूनही हवालदारांच्या ओठांचे कोपरे हलले. मी आबांचे उपकार तिथंच मानले.

पाण्यावाचूनचे तीन दिवस मी विसरणार नाही. नर्सबाई ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या. हवालदार पाणी मागत नव्हते. फक्त माझ्या लोट्याकडे बघायचे, म्हणून मी बाहेर जाऊन पाणी पीत असे. चौथ्या दिवशी चमच्यानं पाणी सुरू झालं, पाचव्या दिवशी पेज. आबांच्या घरून त्यांची सून तांदूळ घेऊन आली. पेज मी शिजवली, आमच्याकडे करतात तशी, पातळ, मिठाचा खडा घालून. आबांनी वाकून भांड्यात पाहिलं.

"ह्यो भात हाय का तांदळाची आंगूळ?"

"आबा, यावर कोकण जगतं," हवालदार म्हणाले. शस्त्रक्रियेनंतरचं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

आता सहावा दिवस सांगायचा आहे. तो सांगताना अजूनही माझी जीभ जड होते.

सकाळचे दहा वाजले होते. हवालदारांना डोळा लागला होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून चादर नीट करत होतो. दारात बुटांचा आवाज आला. वर पाहिलं तर कॅप्टनसाहेब. ते पुण्याहून स्वतः आले होते. नागरिकांना हे समजणार नाही, पण अफसर आत आला की खोलीत जो पहिला पाहील त्यानं हुकूम द्यायचा, ही सवय आमच्या हाडात बसवलेली असते. माझ्या हाडात ती याच माणसानं बसवली होती. माझ्या टाचा जुळल्या आणि तोंडातून पूर्ण आवाजात सावधानचा हुकूम निघाला,

"पार्टी... शन!"

डोळे उघडायच्या आधी हवालदारांचे पाय जमिनीला लागले. ते उभे राहिले. छाती बाहेर, हात सरळ, नजर समोर. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून त्यांनी सॅल्यूट केला नाही. टोपीशिवाय सॅल्यूट नसतो.

"हवालदार, लेट जाओ!" कॅप्टनसाहेब ओरडले.

"साहेब, पार्टी रिपोर्ट," हवालदार म्हणाले. "चार जवान निवडले. चारही फिट. एक लान्स नाईक हजर. एक हवालदार..." इथं ते थांबले. पोटावरच्या पट्टीतून तांबडं धोतरावर उतरत होतं. "एक हवालदार आजारी," त्यांनी रिपोर्ट पुरा केला आणि मगच त्यांचे गुडघे वाकले. साहेबांनी आणि मी मिळून त्यांना धरलं.

टाके फाटले होते. त्यांना पुन्हा क्लोरोफॉर्म, पुन्हा आत. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "हुकूम कुणी दिला?"

"मी, साहेब."

मग डॉक्टर बाहेर आले आणि बोलले. "हा दवाखाना आहे, तुमची बरॅक नाही. बाहेरचा टाका मी दहा वेळा घालीन. आतला सुटला असता तर?" आतला सुटला नव्हता. पण जखमेत पू होणार, ताप येणार, हे त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

जाताना कॅप्टनसाहेबांनी मला लेखी ऑर्डर दिली. पार्टी पुढील हुकमापर्यंत बारामतीतच राहील. लान्स नाईकची ड्यूटी, हवालदार कदम. ती चिठ्ठी मी खिशात ठेवली. शिक्षा मिळाली असती तर ती भोगून मोकळा झालो असतो. इथं तर साहेबांनी माझ्यावर भरवसा टाकला होता, आणि तो पेलायला जास्त जड जातो.

दुपारी हवालदार शुद्धीवर आले. मी जवळ जायला धजत नव्हतो. त्यांनीच बोट हलवून बोलावलं.

"हुकूम कुणी दिला होता?"

"मी, दादा. चूक झाली. माझ्यामुळे..."

"आवाज दारापर्यंत गेला," ते म्हणाले. "भरती झालास तेव्हा दोन पावलं जात नव्हता." आणि त्यांनी डोळे मिटले.

शेजारून आबा म्हणाले, "नाईक, रडायचं आसंल तर भाईर जावा. हितं टाकं वलं व्हत्यात."

ताप नऊ दिवस होता. नर्सबाई दिवसातून दोनदा जखम धूत. तेव्हा हवालदार छताकडे बघत राहायचे आणि तोंडातून आवाज निघायचा नाही. मी त्यांची कूस बदलायचो, भांडं द्यायचो, चादरी कालव्यावर धुऊन आणायचो. कुणी म्हणालं, हे बायकांचं काम. आबांनी त्याला परस्पर वाटेला लावलं.

आणखी एक भीती होती. पोट दुखतं म्हणून हवालदार श्वास वरच्या वर घेत. डॉक्टर मला म्हणाले, "असंच चाललं तर छाती भरेल आणि न्यूमोनियानं जाईल. रोज दहा वेळा सांगतो, खोल श्वास घे. माझं ऐकत नाही. कुणाचं ऐकतो हा माणूस?"

"हुकमाचं," मी म्हणालो.

"मग दे हुकूम."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. टाचा जुळवल्या. आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. सहाव्या दिवशीचा तांबडा डाग डोळ्यांपुढे आला. लान्स नाईकनं हवालदाराला हुकूम द्यायचा नसतो, आणि मी दिलेला पहिलाच त्यांना जवळजवळ संपवून गेला होता. हवालदार तापानं तांबारलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते.

"आवाज कुठं गेला?" ते पुटपुटले. "पोटातून काढ. माझं फाटलंय, तुझं शाबूत आहे."

मी हुकूम दिला. "ब्रीदिंग, बाय नंबर्स. वन!"

त्यांची छाती वर आली. कपाळावर घाम फुटला. मी मनात तीन मोजले.

"टू!"

श्वास बाहेर गेला. असं दहा वेळा. दिवस असेपर्यंत दर तासाला. चौथ्या दिवशी पाहतो तर आबाही छाती फुगवत होते. "पाय मोडलाय, छाती न्हाय," ते म्हणाले. "मला बी घ्या तुमच्या पलटणीत." पाचव्या दिवशी अख्खा वॉर्ड माझ्या हुकमावर श्वास घेत होता आणि नर्सबाई तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या. डॉक्टर एकदा येऊन ऐकून गेले. हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नेमक्या तासाला येऊन उभे राहिले.

दहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. नर्सबाईंनी थर्मामीटर दोनदा झटकून पुन्हा लावला. नाइंटी-एट पॉइंट सिक्स. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आबांनी सांगितलं होतं ना, बाहेर जा.

पुढचे आठवडे सरळ होते. जखम तळापासून भरत आली. पेजेची भाकरी झाली. लोणी देवकरचे चौघे पुण्याला जाण्याआधी भेटायला आले, तेव्हा हवालदारांनी पडल्या पडल्या त्यांच्या बटणांची तपासणी केली आणि एकाला नापास केलं. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला. स्लो मार्च, खाटेपासून दारापर्यंत बारा पावलं. दारात ते थांबले.

"हॉल्टचा हुकूम कुठे आहे?"

"थकला असाल म्हणून..."

"हुकमाशिवाय थांबलो नाही कधी. दे."

मी दिला. अबाउट टर्नही दिला, पण सावकाश. परत येताना आबा आपल्या खाटेवरून पावलं मोजत होते. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे तीन फिती लागल्या तेव्हाही वाटला नाही. अठरा वर्षांच्या नोकरीचा माणूस चौथीत शाळा सुटलेल्या एका पोराच्या शब्दावर पाऊल टाकत होता, आणि पाऊल चुकत नव्हतं.

नऊ आठवडे पुरे झाल्यावर आम्ही बारामती सोडली. डॉक्टरांच्या पायाला हात लावायला मी वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. म्हणाले, "टाके मी घातले. बाकी तू." हवालदारांनी मात्र टोपी घातली होती. त्यांनी डॉक्टरांना कडक सॅल्यूट केला, नर्सबाईंना केला आणि फळ्या बांधलेल्या आबांनाही केला. आबांनी पडूनच डावा हात कपाळाला लावला. चुकीचा हात. हवालदारांनी तो दुरुस्त केला नाही. त्यांना चूक सोडून देताना मी तेव्हा पाहिलं, पुन्हा कधी नाही.

पुण्याला मेडिकल बोर्डापुढे त्यांनी सगळं खरं सांगितलं. कॅप्टनसाहेबांनी त्यांच्या बाजूनं लिहिलं. एक वर्ष हलकी ड्यूटी, मग फिट. दर नव्या रिक्रूटांच्या तुकडीला ते पहिल्याच दिवशी सांगत, "दुखणं लपवणं हे शौर्य नाही. मी लपवलं. ही बघा शिलाई." आणि सदरा वर करून दाखवत.

लढाई सुरू झाल्यावर आम्ही एकाच कंपनीतून आफ्रिकेला गेलो. ते तेव्हा जमादार, म्हणजे हवालदाराच्या वरच्या हुद्द्यावर होते, मी हवालदार. सन एक्केचाळीसमध्ये एका खडकाळ डोंगराच्या उतारावर, सकाळी साडेसहाला, मशीनगनच्या फैरीत ते पडले. आपल्या जवानांच्या दहा पावलं पुढे होते. मी पोहोचलो तोवर संपलं होतं. त्या सकाळी कंपनीतले आणखी पाच गेले. सहाही जणांना आम्ही त्याच डोंगराखाली अग्नी दिला. मानवंदनेच्या फैरी झाडणाऱ्या फायरिंग पार्टीला हुकूम मी दिला. आवाज दरीच्या पलीकडे गेला.

कधी कधी लोक विचारतात, लढाईतच जायचे होते तर बारामतीचे ते कष्ट कशासाठी? मी उत्तर देत नाही. त्यांच्या मुलीकडे बोट दाखवतो. तिचा जन्म सन अडतीसचा.